देहूच्या भिंतीवर नसलेला अभंग

आवडत्या चित्रपटांचा विषय निघाला की आमच्या स्टाफरूममधले सहकारी भराभर बोटांवर नावे मोजू लागतात. माझी यादी दर दिवाळीला बदलते. कधी ‘श्यामची आई’ वर जाते, कधी ‘पाथेर पांचाली’. पहिले नाव मात्र तेच राहते. प्रभातचा ‘संत तुकाराम’, साल १९३६. त्याच्याच पायी गेल्या माघात आईला घेऊन मी देहूला जाऊन आलो.

हा चित्रपट मी प्रथम पाहिला तो उलटा! गणपतीचे दिवस होते, मी सात-आठ वर्षांचा असेन. पुण्यातल्या आमच्या गल्लीत मंडळाने रस्त्यावर पांढरा पडदा बांधला होता. पुढच्या बाजूला जागा मिळाली नाही म्हणून आजीने मला घेऊन पडद्यामागे सतरंजी टाकली. त्यामुळे माझे तुकोबा कित्येक वर्षे डावखुरे होते. शेवटी गरुडावर बसून ते वैकुंठाला निघाले तेव्हा आजीने हात जोडले, पण तिचे डोळे पाणावले ते मागे राहिलेल्या जिजाईसाठी. “बिचारीची म्हैस तरी राहिली गं बाई,” असे ती शेजारणीला म्हणाल्याचे मला पक्के आठवते.

पुढे तो सुलट बाजूने अनेकदा पाहिला, आणि आजीचेच खरे वाटत गेले. दामले-फत्तेलाल या जोडीने संत दाखवला तो संसारासकट. विष्णुपंत पागनीसांचा तुकोबा देवाच्या नादात हरवलेला; आणि गौरीची जिजाई पोर आजारी पडले म्हणून हातात वहाण घेऊन थेट विठोबाला जाब विचारायला देवळात शिरणारी. दिग्दर्शकांनी तिला कुठेही खोटे पाडलेले नाही. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. तिथल्या परीक्षकांना विठोबा कितपत कळला असेल कोण जाणे, पण रिकाम्या डब्यापुढे बसलेली बायको कुठल्याही मुलखात कळते.

देहू पुण्याहून जेमतेम ३० किलोमीटर. चिंचवडच्या पुढे कारखाने, उंच इमारती, पुन्हा कारखाने. आणि मग एकाएकी कमान आणि बुक्क्या-तुळशीमाळांची दुकाने. मी मनाशी चित्रपटातले देहू धरून गेलो होतो. ते तर फत्तेलालांच्या कलादृष्टीतून प्रभातच्या कारागिरांनी उभारलेले! तरी डोळे त्या गोठ्यालाच शोधत होते. तुकोबांनी १३ दिवस उपोषण केले ती शिळा पाहिली, वैकुंठगमनाच्या जागेवरची नांदुरकी पाहिली. इंद्रायणीचे पाणी मात्र वह्या बुडवायला मन धजावू नये इतके गढूळ होते.

मग गाथा मंदिर. आत भिंतीभर संगमरवरावर अभंग कोरलेले आहेत, ४००० हून अधिक. मराठीच्या मास्तराने इथे पोटभर रमावे. पण मला आत शिरताच घाम फुटला, कारण आईने चष्मा चढवला आणि एका कोपऱ्यापासून ओळीने वाचायला सुरुवात केली. ती काय शोधते आहे ते मी ओळखले.

चित्रपटात बीजाचा एक अभंग आहे. आजी जन्मभर तो देवापुढे म्हणे. मी एम.ए.ला असताना तो तुकोबांचा नसून शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिलेला आहे, हे मला कळले. आठवल्यांनी तुकोबांची भाषा अशी आत्मसात केली होती की भले भले फसले. ज्ञान ताजे होते; घरी येऊन, सायंकाळी दिवा लावत असलेल्या आजीला मी ते ऐकवले. वर म्हणालो, “इतकी वर्षं सिनेमातलं गाणं म्हणत होतीस!” ती काही बोलली नाही. दिव्याची वात तेवढी सारखी केली. त्यानंतर तो अभंग मी तिच्या तोंडून ऐकला नाही. चार वर्षांनी ती गेली.

आज वर्गात आठवल्यांच्या त्या रचनेवर मी तासभर बोलतो. गाथेत घातली तर वेगळी ओळखू येऊ नये, असे पोरांना सांगतो. आजीला हे सांगायला काय हरकत होती?

तासाभराने आई बाहेर आली आणि पायरीवर टेकली.

“सापडला?” मी विचारले.

“नाही. नसणारच होता. तू सासूबाईंना सांगितलंस तेव्हा मी आत पोळ्या लाटत होते. ऐकलं सगळं.”

“मग शोधत कशाला होतीस?”

पदराने चष्मा पुसत ती म्हणाली, “म्हटलं, आलोच आहोत तर बघून घ्यावं. त्यांच्यासाठी.” मग पिशवीतला डबा काढून तिने एक लाडू माझ्या हातावर ठेवला. “एक भिंत राहिली आहे. गुडघे दुखतात माझे. ती तू बघून ये.”

मी पुन्हा आत गेलो.