वाट चुकण्याचा सराव

ठाण्यात राहणाऱ्याला पश्चिम दिशा शोधावी लागत नाही. येऊरचे डोंगर ती दाखवतात. सूर्य खाडीच्या बाजूने उगवतो आणि या डोंगरांआड मावळतो. उपवन तलाव मागे टाकून वळणावळणाच्या चढाला लागलात, की शहराचा गलबला विरत जातो आणि वनखात्याच्या चौकीपासून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा परिसर सुरू होतो. पावसाळा सरल्यावर एका रविवारी सकाळी मी चौदा वर्षांच्या भाच्याला घेऊन तिथे गेलो होतो. तो डोंबिवलीचा. याच रांगेतल्या एका डोंगराला मामा-भाचे म्हणतात, हे ऐकून स्वारी खूश झाली.

परतताना गावातल्या एका फाट्यावर आम्ही चुकलो. मोबाइलला रेंज नव्हती. वाट ओळखीची वाटेना. तरीही ‘पुढे रस्ता लागेलच’ असे म्हणत मी बराच वेळ चालत राहिलो. अखेर भाचा म्हणाला, “मामा, येताना ऊन पाठीवर होतं. आत्ताही पाठीवरच आहे.” मी थांबलो. आम्ही घराकडे नव्हे, आणखी पश्चिमेलाच चाललो होतो.

चूक ओळखून वेळीच थांबावे, या एका गुणाची सतत परीक्षा घेणारा खेळ जगात आहे. त्याचे नाव ओरिएंटिअरिंग. १८९७ मध्ये नॉर्वेत त्याची पहिली खुली स्पर्धा झाली. हाती नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानातून धावायचे. नारिंगी-पांढऱ्या निशाणांची ठाणी ठरलेल्या क्रमाने गाठायची. मात्र दोन ठाण्यांमधली वाट ज्याची त्याने निवडायची. नकाशा हाती पडतो तो शर्यत सुरू होतानाच. टेकडी चढून जावे की वळसा घालावा, हे धावता धावता ठरवायचे. नुसता वेगवान धावपटू इथे हरतो, कारण तो चुकीच्या दिशेनेही वेगानेच जातो.

नॉर्वेच्याच कॅस्पर फोसेर या तरुणाचा २०१९ चा हंगाम या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. कुमार गटात जगज्जेता ठरलेला हा मुलगा त्या ऑगस्टमध्ये विशीचा होता. मायदेशी, ओस्टफोल्डच्या रानात, प्रौढांची जागतिक स्पर्धा भरली होती. दीर्घ पल्ल्याची शर्यत म्हणजे सुमारे दीड तासाची धाव आणि तेवढाच वेळ अखंड विचार. तीत त्याने रौप्यपदक मिळवले. पुढे होता तो केवळ त्याचाच देशबांधव, अनुभवी ओलाव लुंडानेस. दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, चेक प्रजासत्ताकात फोसेर याच शर्यतीचा जगज्जेता झाला.

मला या खेळातली एक रीत फार आवडते. शर्यत संपल्यावर धावपटू आपण गेलेली वाट नकाशावर पुन्हा रेखतात, कुठे चुकलो, किती वेळ गमावला, हे एकमेकांना दाखवतात. चूक लपवण्याची वस्तू न राहता अभ्यासाची होते. आपल्या घरांत प्रगतिपुस्तक उघडते, तेव्हा असे घडते का?

माझ्या दवाखान्यात येणाऱ्या मुलांना मी विचारतो, “घरून इथे कसा आलास?” उत्तर येते, “रिक्षाने.” रस्ता कोणता, हे पुष्कळांना सांगता येत नाही. मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग स्थळांची आणि प्रसंगांची स्मृती सांभाळतो. आपण कुठे आहोत हे मेंदू कसे जाणतो, याच्या शोधासाठी २०१४ चे नोबेल जॉन ओकीफ आणि नॉर्वेतील मोझर दांपत्याला मिळाले. लंडनचे हजारो रस्ते पाठ असणाऱ्या टॅक्सीचालकांत हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग मोठा असल्याचे २००० मध्ये दिसून आले होते. यावरून नकाशा वाचला की गुण वाढतात, असे मी म्हणणार नाही. पण वाट शोधणे हे मेंदूचे खरे काम आहे, आणि ते आपण मुलांच्या हातून काढून घेतले आहे, एवढे निश्चित.

ते परत देण्यासाठी नॉर्वेला जावे लागत नाही. येऊरचे रान बिबट्याचे घर आहे. तिथे मुलांनी एकटे जाऊ नये, मोठ्यांनीही वनखात्याचे नियम पाळावेत. सुरुवात बागेतून, शाळेच्या आवारातून करावी. मुलाने स्वतः नकाशा काढावा, आपण त्यावर पाच खुणा कराव्यात, त्याने त्या शोधाव्यात. पुढची पायरी आपल्या गावाची. डोंबिवलीत पूर्व-पश्चिम ही रुळांनी केलेली वाटणी आहे. सूर्य ती तंतोतंत पाळत नाही. हे होकायंत्र घेऊन मुलाला स्वतः पडताळू द्या. कल्याणला कसारा आणि कर्जत या वाटा कुठे फुटतात, ते पुलावरून दाखवा. मग ओळखीच्या रस्त्यावर, दिवसाउजेडी, त्याला पुढे चालू द्या. आपण दहा पावले मागे राहायचे. पायांत बूट, सोबत पाणी आणि खिशात घरचा नंबर असावा.

मागच्या महिन्यात भाच्याने मला डोंबिवली स्टेशनहून पूर्वेकडच्या त्याच्या घरी नेले, मुद्दाम नव्या गल्ल्यांतून. दुसऱ्याच वळणावर तो चुकला. मला कळले होते. जीभ आवरणे कठीण गेले. पन्नास-साठ पावलांवर तो आपणहून थांबला, दोन इमारतींच्या फटीतून मलंगगड दिसतो का ते पाहिले आणि मागे वळला.

येऊरला मला त्याच्याहून कितीतरी जास्त वेळ लागला होता.