दहा टक्के

भाव पाडून घेणें ही एक कला आहे, आणि तिच्या आचार्यांना मी मनापासून वंदन करतों. आमच्या सोलापुरांत तर या कलेला मुळींच तोटा नाहीं. चाटी गल्लींत दुकानदारानें सांगितलेल्या भावाला मुकाट्यानें मान डोलावणारें गिऱ्हाईक आलें, तर दुकानदारच बिचारा गोंधळून जाईल! जानेवारींत सिद्धेश्वराच्या गड्ड्याला होम मैदानावर खेळण्यांचीं दुकानें लागतात, तेथेंही घासाघीस हा यात्रेच्या आनंदाचाच एक भाग असतो. सांगणारा वाढवून सांगतो, मागणारा कमी करून मागतो, आणि मधला आंकडा दोघांनाही आधींपासून ठाऊक असतो.

छापील किंमतीच्या वस्तूची गोष्ट मात्र निराळी. कॅरम, बुद्धिबळें, पत्ते आणि नवनवे पटावरचे खेळ विकणारीं लहान दुकानें मला फार आवडतात, आणि आमच्या गांवांतील अशा एका दुकानांत संध्याकाळीं मी पुष्कळदां जाऊन बसतों. परवां तेथें एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. त्यांनीं बुद्धिबळाचा पट चांगला अर्धा तास न्याहाळला. मालकांनीं तेवढ्या वेळांत मुलाला घोड्याची चाल शिकविली. मग हातांतला मोबाइल पुढें करून गृहस्थ म्हणाले, "येथें वीस टक्के कमी आहे. तुम्हीं निदान दहा तरी सोडा. दहा टक्क्यांनीं असें काय होणार आहे?" मालक हंसले आणि त्यांनीं दहा टक्के सोडले.

काय होतें तें कागदावर मांडून पाहण्यासारखें आहे. कर क्षणभर बाजूला ठेवूं. समजा, १०० रुपये किंमतीची वस्तु दुकानदाराला घाऊक व्यापाऱ्याकडून ७५ रुपयांना पडली. त्याच्या हातीं २५ रुपये उरले. त्यांतून दहा सोडले कीं राहिले १५. म्हणजे गिऱ्हाइकानें मागितले शेंकडा दहा, पण दुकानदाराच्या प्राप्तींतून गेले शेंकडा चाळीस! ६० वस्तू विकून जे १५०० रुपये मिळत, त्यांसाठीं आतां १०० विकावयास हव्यात. आणि कॅरमबोर्ड म्हणजे कांहीं भाजी नव्हे; स्वस्त झाला म्हणून कोणी चार नेत नाहीं. या पंधरा रुपयांतूनच दुकानाचें भाडें, विजेचें बिल आणि नोकराचा पगार निघावयाचा.

फ्रान्समध्यें हा हिशेब सरकारनेंच मनावर घेतला. तेथें १९८१ च्या कायद्यानें नव्या पुस्तकावर शेंकडा पांचाहून अधिक सूट देण्यास बंदी झाली, आणि २०१४ सालीं घरपोंच पाठविलेल्या पुस्तकांवरची तेवढी सूटही बंद करण्यांत आली. आपला कायदा छापील किंमतीच्या वर जाऊं देत नाहीं. खालीं किती जावें हें ज्याच्या त्याच्या ऐपतीवर सोपवितो. आणि ऐपतीच्या शर्यतींत लहान दुकानदार कोठवर धांवणार?

गंमत अशी कीं, त्याच दुकानाच्या फळीवर 'व्यापार' हा खेळ असतो. त्याची घडण 'मोनोपॉली'ची, आणि 'मोनोपॉली'चें मूळ लिझी मॅगी या अमेरिकन बाईनें १९०४ सालीं पेटंट घेतलेल्या खेळांत आहे. जमीन एकाच्याच हातीं गेली कीं बाकीच्यांचें दिवाळें कसें निघतें, हें तिला दाखवावयाचें होतें. १९३५ पासून 'मोनोपॉली' बाजारांत येऊन जगभर पसरला, आणि लोक मात्र त्यांतून दुसऱ्याचें दिवाळें काढण्याचा आनंद तेवढा शिकले!

दुकानदारावर उपकार करावा, असें माझें म्हणणें नाहीं. परंतु त्या दुकानांत मागच्या बाजूस एक टेबल आहे. शाळा सुटल्यावर मुलें येतात, कांहीं विकत न घेतां डाव मांडतात, भांडतात आणि घरीं जातात. त्या टेबलाचें भाडें कोणी देत नाहीं. तें आजवर याच पंचवीस रुपयांतून निघत आलें. आतां तेथें मोबाइलचीं कव्हरें मांडावीं, असें मालकांच्या मनांत आहे, कारण त्यांत नफा अधिक. त्यांना दोष कसा देऊं? त्या मुलाच्या वडिलांचे दहा टक्के वांचले, घोड्याची चालही त्याला फुकट कळली. आतां खेळावयाला जोडीदार मात्र त्यानें कोठें शोधावा?