सोळा ब्लेड, एकच वाट

इन्स्टॉलेशनची पट्टी पुढे सरकेना, की पहिला संशय सर्व्हरवर. नवी मुंबईत महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये आमच्याकडेही तेच झालं. चेसिस नवं कोरं, आत १६ ब्लेड, आणि प्रत्येकावर सेंटओएस ६ टाकायची होती. साध्या रॅक सर्व्हरवर अर्ध्या-पाऊण तासात उरकणारं हे काम इथे अख्खी शिफ्ट खाऊ लागलं. प्रोजेक्ट मॅनेजरांचे फोन सुरू झाले. "अहो, एवढा खर्च करून ब्लेड घेतले आणि पहिलाच अजून उभा राहत नाही?"

ब्लेडकडे स्वतःचं असं फार थोडं असतं. प्रोसेसर, मेमरी, एक-दोन डिस्क, संपलं. वीज, पंखे, नेटवर्कचे स्विच, देखरेखीचा पोर्ट हे सगळं चेसिसचं, म्हणजे सगळ्यांच्या वाट्याचं. आयबीएमने २००२ मध्ये आणलेल्या ब्लेडसेंटरमध्ये ७यू उंचीत १४ ब्लेड बसत, पण सीडी ड्राइव्ह सगळ्यांत मिळून एकच. ज्याची पाळी त्याने तो बटण दाबून आपल्याकडे वळवून घ्यायचा. २००६ मध्ये आलेल्या एचपी सी७००० मध्ये १०यू उंचीत अर्ध्या उंचीचे १६ ब्लेड मावतात. चाळीतल्या सामाईक नळाचाच हा प्रकार: पाणी कमी येतं म्हणून आपली बादली तपासून उपयोग नसतो.

त्यामुळे शोध तीन टप्प्यांत वाटून घेतला. फाइल्स कुठून येतात, कोणत्या वाटेने येतात आणि शेवटी कोणत्या डिस्कवर उतरतात.

पहिल्या टप्प्याचं उत्तर कागदावरच सापडलं. टीममधला एक तरुण इंजिनीअर पुण्यात बसून स्वतःच्या लॅपटॉपवरची आयएसओ फाइल व्हर्च्युअल मीडिया म्हणून ब्लेडला जोडत होता. ब्लेडला ती यूएसबीची डीव्हीडी ड्राइव्ह वाटते आणि तो ती तुकड्यातुकड्याने मागत राहतो. एक तुकडा मागायचा, तो पोहोचला की पुढचा. समजा एका मागणीत ३२ केबी येतात आणि व्हीपीएनवरून जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद लागतात. सेकंदाला २५ मागण्या, म्हणजे ८०० केबी. ४ जीबी वाचायला जवळपास दीड तास, तोही वाटेत काही अडलं नाही तर. इथे लाइन कितीही रुंद घेतली तरी फरक पडत नाही, कारण वेळ जातो तो वाट पाहण्यात. शिवाय हे सगळं ज्या देखरेखीच्या चिपमधून जातं, तिचा प्रोसेसर अगदी बेताचा, आणि एन्क्रिप्शनचं ओझंही त्याच्याच डोक्यावर.

मग आयएसओ डेटा सेंटरमधल्याच एका सर्व्हरवर उघडून ठेवली आणि ब्लेड नेटवर्कवरून, पीएक्सईने बूट करायला लावले. यात दोन पायऱ्या असतात. आधी टीएफटीपीने कर्नल आणि इनिटआरडी या लहान फाइल्स येतात, नंतर इन्स्टॉलर शेकडो पॅकेजेस एचटीटीपीने ओढतो. टीएफटीपी हा मुळातच संथ प्रोटोकॉल. १९९२ च्या आरएफसी १३५० प्रमाणे तो ५१२ बाइट पाठवतो, पोच येईपर्यंत थांबतो, मग पुढचे ५१२. तुकड्याचा आकार वाढवायची सोय १९९८ मध्ये आरएफसी २३४८ ने केली. एचटीटीपी त्याच्या कितीतरी पट वेगवान.

आमच्याकडे घडलं नेमकं उलटं. टीएफटीपीची पायरी झटक्यात पार पडली आणि एचटीटीपीची रांगू लागली. पिंग व्यवस्थित, एकही पॅकेट हरवत नव्हतं. नेटवर्क टीमने शांतपणे सांगितलं, "लिंक अप आहे, पिंग जातंय. आमच्याकडून क्लिअर आहे, सर. तुमचे ब्लेड बघा."

ब्लेड बघितले. एक काढून दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवला, वेग तोच. मग स्लॉट न बदलता त्याच ब्लेडला दुसऱ्या नेटवर्क पोर्टवरून बूट केलं आणि पॅकेजेस धडाधड उतरू लागली. या चेसिसमध्ये दोन स्विच मॉड्यूल होते. प्रत्येक ब्लेडचा पहिला पोर्ट एकाला, दुसरा पोर्ट दुसऱ्याला. बूटचा क्रम सगळीकडे पहिल्या पोर्टपासून, म्हणजे सोळाच्या सोळा ब्लेड एकाच मॉड्यूलमधून बाहेर पडत होते. ब्लेड निर्दोष होते. गोम त्या मॉड्यूलच्या बाहेर जाणाऱ्या वायरीत होती.

त्या पोर्टचे काउंटर उघडले. चेसिसच्या बाजूला 'लेट कोलिजन'चा आकडा प्रत्येक रिफ्रेशला चढत होता. पलीकडच्या जुन्या स्विचवर सीआरसी एरर तशाच वाढत होत्या. दोन्ही टोकांच्या सेटिंग शेजारी ठेवल्यावर खुलासा झाला. जुन्या स्विचचा पोर्ट कोणे एके काळी कुणीतरी हाताने '१०० एमबीपीएस, फुल डुप्लेक्स' असा ठोकून ठेवलेला, आणि चेसिसचा पोर्ट 'ऑटो'वर. समोरचा वाटाघाटच करत नाही म्हटल्यावर ऑटोवाल्या पोर्टला वेग ओळखता येतो, डुप्लेक्स ओळखता येत नाही. अशा वेळी नियमाप्रमाणे तो हाफ डुप्लेक्स धरतो. परिणामी एक टोक ऐकता ऐकता बोलणारं आणि दुसरं समोरचा गप्प झाल्याशिवाय तोंड न उघडणारं.

आता टीएफटीपी आणि पिंग का चालत होते, तेही कळलं. त्या दोघांत एका वेळी एकच बाजू बोलते, त्यामुळे टक्कर व्हायची वेळच येत नाही. एचटीटीपीखालचा टीसीपी मात्र डेटा येत असतानाच उलट दिशेने पोच पाठवत राहतो. ती पोच निघाली की हाफ डुप्लेक्सवाल्या टोकाला टक्कर दिसते आणि त्याच वेळी येणारं पॅकेट तुटतं. पाठवणाऱ्या पोर्टला याचा पत्ताच नसतो. टीसीपी ते पॅकेट पुन्हा पाठवतो, गर्दी झाली असं समजून वेग आणखी उतरवतो, आणि वरच्या पट्टीवर टक्के जागचे हलत नाहीत.

दोन्ही टोकं ऑटोवर आणली. तांब्याच्या वायरीवरच्या गिगाबिट इथरनेटला, म्हणजे १९९९ च्या १०००बेस-टीला, ऑटो निगोशिएशन लागतंच. हाताने वेग ठोकण्याची सवय त्याआधीच्या जमान्यातली, जेव्हा वेगवेगळ्या कंपन्यांच्या कार्डांचं आणि स्विचचं आपसात जमत नसे. नेटवर्क टीममधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने त्याच संध्याकाळी असे ठोकलेले पोर्ट शोधायला घेतले, आणि यादी एका पानात मावली नाही.

पंधरा ब्लेड सरळ झाले. एक मात्र तसाच कुंथत होता. कंट्रोल-ऑल्ट-एफ२ दाबून इन्स्टॉलरच्या मागचा शेल उघडला, तर नेटवर्क रिकामं आणि डिस्क सतत लिहिण्यात गुंतलेली. रेड कंट्रोलरच्या लॉगमध्ये कॅशेची बॅटरी निकामी झाल्याची नोंद होती. बॅटरी नसली की वीज गेल्यावर कॅशेमधला डेटा हरवेल, म्हणून कंट्रोलर स्वतःहून राइट-बॅक सोडून राइट-थ्रूवर जातो. मग प्रत्येक छोटी फाइल थेट डिस्कवर उतरेपर्यंत थांबणं आलं, आणि पॅकेजेस म्हणजे हजारो छोट्या फाइल्सच. जबरदस्तीने राइट-बॅक चालू करता येतं, पण तो मोह टाळून बॅटरी बदलून घेतली.

तिकीट बंद करायची वेळ आली, तेव्हा 'मूळ कारण' या रकान्यात डुप्लेक्स मिसमॅच असं सविस्तर लिहिलं. वर्गवारी मात्र तिकीट उघडताना निवडलेलीच राहते, सिस्टीम ती नंतर बदलू देत नाही. त्यामुळे तिमाही अहवालात हा सगळा प्रकार 'सर्व्हर हार्डवेअर बिघाड' या सदरात मोजला गेला, आणि पुढच्या आढावा बैठकीत ब्लेडच्या व्हेंडरला त्याबद्दल खुलासा विचारण्यात आला.