बिलात न लिहिलेले बोल्ट

इंजिन बांधायला काढलं की बघणाऱ्याचं लक्ष पिस्टनकडे जातं, क्रँककडे जातं. फार तर लेथवाल्यानं बोअर कसा केलाय याची चर्चा होते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकलो, ते मिस्त्री मात्र आधी बोल्टांकडे वळायचे. इंजिन सोडवताना निघालेला प्रत्येक बोल्ट पत्र्याच्या ट्रेमध्ये, ज्या भोकातून आला त्याच क्रमानं मांडलेला असायचा. त्या ट्रेला कुणी हात लावलेला त्यांना खपायचं नाही. रॉकेलमध्ये बुडवून, तारेच्या ब्रशनं घासून, चिंधीनं कोरडा करून ते एकेक बोल्ट उजेडाकडे धरत. आधी आटे डोळ्यांनी बघत, मग अंगठ्याच्या नखानं चाचपत. नख कुठं अडलं की तो बोल्ट बाजूला.

माझे वडील टॅक्सी चालवायचे. गाडी ॲम्बेसिडर, १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, मूळच्या मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातलं. जोतिबा, पन्हाळा, नरसोबाची वाडी, कधी थेट पंढरपूर. त्या गाडीवर आमचं घर चालायचं. मी पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला असताना ती ऑइल पिऊ लागली, मागून निळा धूर सोडू लागली आणि घाटात तिचा जीव जायला लागला. आईच्या ऑपरेशनला नुकतेच पैसे गेले होते. वडील मिस्त्रींकडे गेले ते फक्त विचारायला, की थोडक्यात काही भागेल का. मिस्त्रींनी हेड उघडून बघितलं आणि म्हणाले, "थोडक्यात भागत न्हाई. गाडी लावा हितं. पैशाचं मागनं बघू. आनि ह्या पोराला रोज धाडा, हाताखाली लागंल मला."

हाताखाली माणसांची त्यांना वाण नव्हती. मला घ्यायचं कारण वेगळं होतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. मजुरी कमी धरायला काहीतरी निमित्त हवं होतं, आणि वडिलांची मान खाली जाऊ नये असंही हवं होतं. माझं काम हे ते निमित्त.

ब्लॉकातले हेडचे स्टड आम्ही दोन नट एकमेकांवर आवळून काढले. स्टड तीन सुताचे, म्हणजे इंचाचे तीन अष्टमांश. ब्लॉकात जाणाऱ्या टोकाचे आटे जाड, इंचाला सोळा. वर नट बसतो त्या टोकाचे बारीक, इंचाला चोवीस. ओतीव लोखंड ठिसूळ असतं, त्यात जाड आटा धरून राहतो. पोलादी नटाला बारीक आटा मानवतो, कारण तो सावकाश आणि नेमका आवळता येतो. हे पुस्तकात वाचलेलं मी पहिल्यांदाच हातात धरून बघत होतो. भोकांत गंज होता, काजळी होती, जुन्या पॅकिंगच्या लेपाचे वाळलेले तुकडे होते. ती साफ कशी करायची? उद्यमनगरात टॅप कुठंही मिळतो आणि बहुतेक ठिकाणी तोच फिरवत. मी मिस्त्रींना विचारलं, टॅप आणू का.

ते उठले, मागच्या अंगाला भट्टीत जायच्या वाटेवर पडलेला एक फुटका ब्लॉक होता तिथं मला घेऊन गेले. तशाच मापाच्या एका भोकात त्यांनी नवा टॅप फिरवला. बाहेर काढून पांढऱ्या कागदावर झटकला. शेजारच्या भोकात आपल्या डब्यातला एक खाचा पाडलेला जुना बोल्ट फिरवला आणि तोही दुसऱ्या कागदावर झटकला. दोन्ही कागद त्यांनी उन्हात धरले. दुसऱ्यावर तांबूस काळी घाण होती, नुसती मळकट. पहिल्यावर तीच घाण होती, पण तिच्यात बारीक कण चमकत होते. मिस्त्रींनी त्या चमकणाऱ्या कणांवर बोट ठेवलं.

"ह्यो कचरा न्हाई. ह्यो ब्लॉक हाय."

मला आजवर मिळालेल्या शिक्षणात याच्या तोडीचा धडा नाही. टॅप हे कापायचं हत्यार. त्याच्या धारा आटे पाडण्यासाठीच घासलेल्या असतात, त्यामुळे भोकात शिरला की तो आपलं माप लागू करतो. वर्षानुवर्षं स्टडाशी जुळून बसलेल्या आट्यांचं थोडं लोखंड तो घेऊन येतो, आणि गेलेलं लोखंड परत येत नाही. आटा सैल होतो. एकदा साफ केल्यानं कदाचित काही बिघडणार नाही; पण हेच इंजिन आयुष्यात तीनदा-चारदा उघडलं आणि दरवेळी टॅप फिरला, तर स्टड एक दिवस आवळता आवळता आटे घेऊनच वर येतो. त्यातून कुणी चुकून दहा एमएमचा, दीड पिचचा टॅप तीन सुताच्या भोकात घातला तर संपलंच. दोन्हींच्या पिचमध्ये मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी फरक असतो, पण दहाचा टॅप जाडीला जवळजवळ अर्धा मिलिमीटर जास्त. तो शिरतो, आणि जुने आटे खात खात आपले नवे पाडत जातो.

मिस्त्रींचा तो डबा बिस्किटांचा होता. आत चिंधीत गुंडाळलेले बोल्ट, प्रत्येक मापाचा एकेक, सगळे घरी केलेले. बाजारात यासाठी तयार हत्यार मिळतं, त्याला चेझर म्हणतात. पण त्यांच्याकडे तेव्हा ते नव्हतं आणि त्यांना त्याची उणीवही भासली नाही. बोल्ट निवडायचा तो नवा किंवा निर्मळ आट्यांचा. शिकंजात धरताना जबड्यांना शिशाचे पत्रे लावायचे, नाहीतर आटे चेपतात. मग हॅकसॉनं टोकापासून वर, आटे आडवे छेदत, लांबीला तीन सरळ खाचा पाडायच्या. टोकाचे एक-दोन आटे घासून जरा निमुळते करायचे. खाचेच्या काठावर राहिलेली कड तिकोनी कानशीनं अगदी हलकेच मोडायची, कारण ती कड राहिली की बोल्टही कापायला लागतो. तेवढं झालं की घाण खाचांत गोळा होते आणि आट्याला धक्का लागत नाही. फिरवताना थेंबभर तेल आणि हातात पाना नाही. "बोटानं फिरलं पायजे. पाना लागला की थांबायचं, म्हागं यायचं, पुसायचं, परत जायाचं." मी पुढे भारी किमतीचे चेझर वापरले. त्यांचं काम चांगलंच आहे. तरी बोटांनी फिरवायचं हा नियम त्यांच्या डब्यावर नाही लिहिलेला.

भोकं साफ झाली की तळाशी उरलेलं काढायचं. हवा मारताना भोकावर चिंधी धरायची आणि तोंड बाजूला. जी भोकं खाली बंद असतात, त्यांच्याबद्दल मिस्त्री फार कडक होते. त्याच सुमारास दुसऱ्या एका गॅरेजातून एक ट्रॅक्टरचा ब्लॉक त्यांच्याकडे आला होता. बंद भोकात तेल साचलेलं तसंच राहिलं, वरून बोल्ट आवळला. तेल दाबलं जात नाही, त्याला जायला वाट नाही. सगळा जोर भोकाच्या भिंतीवर आला आणि ब्लॉकाला तडा गेला. मालक शेतकरी होता, उसाची तोड तोंडावर आली होती. मिस्त्री त्या तड्यावरून बोट फिरवत बराच वेळ काही बोलले नाहीत.

टॉर्क रेंच मात्र त्यांच्याकडे होता आणि तो ते जिवापाड जपत. इथं माझ्या पॉलिटेक्निकचा थोडा उपयोग झाला. मी त्यांना सांगितलं की रेंचवर आपण लावलेल्या जोरातला साधारण निम्मा नटाखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात जातो, आणि स्टडाला ताणून हेड दाबून धरायला उरतो तो जेमतेम दहा टक्के. ते क्षणभर विचार करून म्हणाले, "म्हंजे आटं मळकं असलं तर रेंच टक करनार, पन त्या धातलंच कमी झालेलं आसनार." इतक्या कमी शब्दांत हे मला कुणी शिकवलं नव्हतं. हेड गॅस्केट उडण्यामागे पुष्कळदा हेच असतं. रेंचनं आकडा दाखवलेला असतो, स्टड मात्र पुरता ताणलेलाच नसतो. उलटंही होतं. कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल लावलेल्या आट्यांवर वापरला, तर स्टड गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. म्हणून कंपनीच्या पुस्तकात तेल लावा म्हटलं असेल तर लावायचं, कोरडं म्हटलं असेल तर कोरडं. त्या दिवसापासून मिस्त्री प्रत्येक गाडीचं पुस्तक माझ्याकडून वाचून घेऊ लागले. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण आकडा एकदा ऐकला की तो त्यांच्या डोक्यातून जात नसे.

आता त्या बोल्टांबद्दल. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट आठ. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर पिस्टन सेकंदाला पन्नास वेळा वर जाऊन उलटा फिरतो आणि ती ओढ याच बोल्टांवर येते. आठांतल्या दोघांवर मिस्त्रींचं नख अडलं. मी म्हणालो, डायनट फिरवून आटे सरळ करता येतील. किरकोळ बोल्टांसाठी ते स्वतःही डायनट वापरत, आट्याच्या कानशीनंही एखादा चेपलेला आटा उचलत. इथं त्यांनी मान हलवली. असे बोल्ट आटे कापून केलेले नसतात. साच्याच्या रुळांत दाबून आटे उठवलेले असतात, त्यामुळे धातूचे तंतू तुटत नाहीत, आट्याच्या वळणाबरोबर वळतात. आट्याच्या खोबणीत डायनं एक ओरखडा जरी काढला, तरी तडा तिथूनच सुरू होतो. बोल्ट तुटला तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. आणि गाडीत माणसं असतात. "तुझा बा असतोय गाडीत," ते म्हणाले.

दोन खराब होते, तरी त्यांनी आठही नवे आणायला सांगितले. खिशातून पैसे काढून माझ्या हातात ठेवले आणि मी सायकलवरून जाऊन स्पेअर पार्टच्या दुकानातून ते आणले. तेलकट कागदाच्या पुडीत होते. पुडी हँडलला बांधली तर आदळेल म्हणून मी ती शर्टाच्या आत घालून आणली होती.

गाडी सुरू झाली. वडिलांनी बिल मागितलं. मिस्त्रींनी वहीच्या पानावर लिहून दिलं: रिंगा, बिअरिंग, पॅकिंग सेट, बोअरची मजुरी, ऑइल. बोल्ट नव्हते. वडील हिशेबाला पक्के, त्यांनी विचारलं, रॉडचे बोल्ट बदलले म्हणता, ते कुठायत यात? मिस्त्री म्हणाले, "ते माझ्याकडं पडलेले हुते." मी शेजारीच उभा होतो. मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलंही नाही, आणि मीही गप्प राहिलो. घरी गेल्यावर वडिलांना खरं सांगितलं. ते बराच वेळ ओसरीवर बसून होते. पुढच्या गुऱ्हाळाच्या हंगामापासून दरवर्षी गुळाचा एक रवा मिस्त्रींच्या घरी जाऊ लागला. मिस्त्रींनी तो कधी नाकारला नाही. बोल्टांचा विषय दोघांनीही कधी काढला नाही. वडील गेले तेव्हा खांदा द्यायला मिस्त्री आले होते.

मी आता पुण्यात जुन्या गाड्यांची इंजिनं बांधतो. काळ पुढे गेलाय. एस्टीमसारख्या गाडीच्या १२९८ सीसी इंजिनाचा ब्लॉकच ॲल्युमिनियमचा, तिथं टॅपनं घेतलेला घास लोखंडापेक्षा महागात पडतो. आटे गेलेच तर तारेच्या स्प्रिंगसारखी इन्सर्ट बसवून भोक वाचवावं लागतं. आताच्या पुष्कळ इंजिनांत हेडचे बोल्ट मुद्दाम ताणाच्या हद्दीपलीकडे आवळतात, आकडा झाल्यावर ठरावीक अंशात फिरवून. असे बोल्ट साफ करत बसायचं नसतं, काढले की टाकायचे. गिऱ्हाईक कुरकुरतं. मी बिल कमी करतो, पण बोल्ट नवेच घालतो.

मध्यंतरी चेझरचा एक उत्तम संच घेऊन कोल्हापूरला गेलो, मिस्त्रींसाठी. इंची आणि मिलिमीटर, दोन्ही मापांचा. त्यांची नजर आता अधू झाली आहे. त्यांनी एकेक तुकडा बोटांनी चाचपला, दहा एमएममध्ये सव्वा आणि दीड दोन्ही पिच दिलेत ना याची खात्री करून घेतली आणि डबा आपल्या हाताखालच्या पोराकडे दिला. मी पैशांचं काहीतरी बोलू लागलो, की वडिलांच्या वेळचं राहिलंय. त्यांनी मला तिथंच थांबवलं. "पैशाचं काढू नगंस. ह्या पोराला तिकडं ने. ॲल्युमिनियमचं काम हितं फार येत न्हाई, तुझ्याकडं बघू दे त्याला."

पोरगा माझ्याकडे आलाय. मी त्याला पहिल्या दिवसापासून पगार देतो. मिस्त्रींना हे पटलेलं नाही. शिकणाऱ्याला जेवण द्यावं, पगार देऊन त्याला घाई लावू नये, असं त्यांचं म्हणणं. फोनवर दर वेळी यावरून आमचा वाद होतो. मग ते विचारतात की सध्या कुठलं इंजिन उघडलंय, भोकं कशी निघाली आणि पोराच्या बोटांना अंदाज आला का. या तिन्हींची उत्तरं पुरती मिळाल्याशिवाय ते फोन ठेवत नाहीत.