खोल हिमासाठीं रुंद स्की

हिम म्हटलें कीं आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें गोळेवाल्याच्या गाडीवरील बर्फाची लादी येते. काश्मीरांत गुलमर्ग येथें माघांत जें हिम पडतें त्याचें त्या लादीशीं फारसें नातें दिसत नाहीं. तें पिंजलेल्या कापसासारखें असतें. एक घनमीटर पाण्याचें वजन १,००० किलोग्रॅम; तितकेंच ताजें, कोरडें हिम तोललें तर बहुधा ५० ते १०० किलोग्रॅम भरतें. अशा हिमांत पाऊल टाकणारा मनुष्य मांडीपर्यंत रुततो. त्याच हिमावरून घसरत डोंगर उतरण्याचा छंद आमच्या भाच्यास जडला, आणि त्याच्या खरेदीचें काम आमच्याकडे आलें, म्हणून हा विषय.

स्की म्हणजे बुटांस जखडावयाच्या दोन लांब, पुढें वांकलेल्या फळ्या. भाचा जम्मूस एका कचेरींत नोकरीस आहे. गुलमर्गास स्कीचा प्राथमिक वर्ग पुरा करून त्यानें दोन वर्षांत ७०,००० रुपये शिल्लक टाकले व आम्हांस लिहिलें, "मामा, मला रुंद स्की घ्यावयाच्या आहेत. तुम्ही या, म्हणजे आई नाहीं म्हणणार नाहीं." आमच्या ताईनें तें पत्र वाचून एवढेंच म्हटलें, "पैसा त्याचा आहे, पण पोर माझें आहे. तूं जाऊन बघ." तेव्हां फेब्रुवारींत आठ दिवसांची रजा काढून आम्ही गुलमर्ग गांठलें.

रुंदीचें प्रयोजन आठवीच्या विद्यार्थ्यासही समजेल. भार तोच असून क्षेत्रफळ वाढलें कीं दाब कमी होतो. चिखलांतून जातांना आपण फळी टाकतों ती याच कारणानें. सामानासुद्धां ८० किलोग्रॅम वजनाचा मनुष्य १८० सेंटिमीटर लांब व ७० मिलिमीटर रुंद अशा दोन फळ्यांवर उभा राहिला, तर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारें ३२ ग्रॅम भार येतो. रुंदी ११२ मिलिमीटर केली तर तोच सुमारें २० ग्रॅमवर उतरतो. (फळी मध्यभागीं अरुंद व टोकांशीं रुंद असते, आम्ही मधलीच रुंदी धरली आहे. उत्साही विद्यार्थ्यांनीं हिशेब ताडून पाहावा.)

इतकी सोपी गोष्ट कारखानदारांच्या ध्यानीं येण्यास मात्र बराच काळ लागला. ऑस्ट्रियांतील ॲटॉमिक कंपनीचे रूपर्ट हूबर यांनीं स्नोबोर्डाची एकच रुंद फळी उभी चिरून तिच्या दोन स्की केल्या, आणि तेथून रुंद स्कीची परंपरा सुरू झाली असें सांगतात. या शतकाच्या आरंभीं शेन मॅकाँकी या स्कीपटूच्या कल्पनेवरून व्होलंट कंपनीची 'स्पॅचुला' निघाली. तिचा तळ होडीसारखा दोन्ही टोकांकडे वर उचललेला होता. आज खोल हिमाच्या बहुतेक स्कींचें टोंक असेंच उचललेलें असतें.

भाच्याच्या मनांत कोरी जोडी भरली होती, तीही १२५ मिलिमीटरची. तींत सारे ७०,००० रुपये संपत होते. शिवाय फार रुंद फळी तुडवलेल्या कठीण हिमावर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर वळावयास जड जाते व गुडघ्यांवर ताण आणते. आम्ही दोन दिवस विचारपूस केली, तेव्हां एका परदेशी पाहुण्यानें परततांना विकावयास ठेवलेली ११२ मिलिमीटरची जोडी मिळाली. ती कांहीं हंगामांपूर्वींची होती, म्हणून भाच्यानें नाक मुरडलें. वास्तविक कारखानदार वरचें चित्र वारंवार बदलतात. आंतील घडण पुष्कळदां तीच राहते.

ती जोडी आम्ही उन्हांत नेली. पोलादी कडांवरून नख फिरवलें. कड कोठें तुटलेली वा सुटलेली नव्हती. तळावर ओरखडे होते, पण लांकडापर्यंत गेलेला एकही नव्हता. ओरखडे भरून काढतां येतात. कडेशीं थर सुटूं लागले असतील तर मात्र पाणी आंत शिरतें व फळी कुजते. बाइंडिंगसाठीं, म्हणजे बूट धरणाऱ्या खटक्यासाठीं, एकदांच भोंकें पाडलेलीं होतीं. फिरून फिरून भोंकें पाडलेल्या फळीस आम्ही हातही लावला नसता. मनुष्य पडला कीं या खटक्यानें बूट सोडला पाहिजे, नाहींतर पाय मोडतो. म्हणून वजन, उंची, वय व बुटाच्या तळव्याची लांबी सांगून तो जाणकाराकडूनच लावून घेतला. खटक्यांसह खर्च ३२,००० रुपये.

येथून पुढचें पालकांनीं विशेष लक्षपूर्वक वाचावें. अरुंद स्कीवर नवशिका खोल हिमांत दहा हातांवर पडतो आणि मुकाट्यानें तुडवलेल्या वाटेकडे परततो. रुंद स्की त्यास तरंगवते, आणि ज्या उतारावर जाण्यास पूर्वीं वर्षानुवर्षांची तालीम लागे तेथें तो दुसऱ्या हंगामांतच पोंचतो. गुलमर्गचा गोंडोला अफरवतवर सुमारें ३,९५० मीटर उंचीवर नेऊन सोडतो. ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर हिमस्खलनाचें भय सर्वांत अधिक, आणि स्कीपटूंस नेमके तेच उतार प्रिय. २०२३ च्या फेब्रुवारींत तेथें दोन पोलिश व २०२४ च्या फेब्रुवारींत एक रशियन स्कीपटू दगावले. गाडला गेलेला मनुष्य पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर वांचण्याची आशा बरी असते. पुढें ती झपाट्यानें कमी होते.

म्हणून उरलेले ३८,००० रुपये आम्ही त्याच्या खिशांत राहूं दिले नाहींत. गाडलेल्याचा ठाव दाखवणारा ट्रान्सीव्हर नवा घेतला. हिमांत खुपसून पाहावयाची घडीची लांब काठी घेतली. आणि धातूचें फावडें घेतलें, कारण प्लास्टिकचें पातें घट्ट बसलेल्या हिमांत चालत नाहीं.

"मामा, मी डोंगर उतरावयास आलों आहें कीं विहीर खणावयास?" भाचा चिडून म्हणाला. आम्ही पैसे मोजून दिले.

रात्रीं ताईस फोन लावून जमाखर्च सांगितला. तिनें रुंदी विचारली नाहीं, किंमतही विचारली नाहीं. सारें ऐकून घेऊन ती म्हणाली, "फावडें ह्याच्या पाठीवर. मग हा गाडला गेला तर ह्याला खणणार कोण?"

भाचा बराच वेळ गप्प बसला. दुसऱ्या दिवशीं आकाश स्वच्छ होतें, रात्रीं वीतभर नवें हिमही पडलें होतें. पण तो वर गेला नाहीं. वर्गांतील त्याचा एक सोबती बारामुल्ल्यास राहतो. त्याच्याजवळ ट्रान्सीव्हर व फावडें आहे काय, आणि तो बरोबर येईल काय, हें विचारावयास तो पहिल्याच मोटारीनें खालीं गेला.