पाणी उतरेपर्यंत

डोंगरातील ओढा सकाळी एक असतो आणि दुपारी दुसराच होतो, हे आम्हां बेळगावकडच्या माणसांना नुसते सांगून पटावयाचे नाही. आमच्याकडचे ओढे पावसाने चढतात आणि पाऊस थांबला की उतरतात. हिमाचल प्रदेशातील लाहौल आणि स्पिती या भागांत मात्र आकाश जितके निरभ्र, तितका ओढ्याचा धोका अधिक. उन्हाने वरचे बर्फ वितळते, ते पाणी उतरत उतरत दुपारी रस्त्यापर्यंत पोहोचते. रात्रीच्या थंडीने वितळणे मंदावते, आणि पहाटे ओढा सर्वांत क्षीण असतो. 2024 च्या जुलै महिन्यात पाच गाड्यांच्या तांड्याबरोबर आम्ही त्या बाजूस गेलो, तेव्हा हा पाठ आम्हांस मिळाला. आणि तो देणारा होता तिशीही न गाठलेला एक लाहौली वाटाड्या.

गाडी आमच्या भाच्याची. तो सैन्यात आहे. नेमणूक चंडीगढच्या बाजूस आणि रजा मोजून दहा दिवसांची. गाडी म्हणजे मारुतीची जिमनी : लांबी चार मीटरांस किंचित कमी, वजन सुमारे 1,200 किलो, पोटाखाली 210 मिलिमीटर मोकळी जागा. 1985 साली आलेली जिप्सी पुष्कळांच्या स्मरणात असेल. ही त्याच घराण्यातली, आपल्याकडे 2023 साली विक्रीस आली. हिच्या गिअरजवळ आणखी एक आखूड दांडा असतो. तो एक खूण सरकवला की चारही चाके ओढू लागतात. आणखी एक खूण सरकवला की बैलाने मान खाली घालून चढणीला गाडा ओढावा, तशी गाडी अगदी सावकाश पण मोठ्या नेटाने चालते. किल्लीच्या कडीत आमच्या बहिणीने दिलेले संत ख्रिस्तोफरचे पदक होते. 1969 साली पंचांगाची फेररचना झाली, तेव्हा या संताचा सण सार्वत्रिक पंचांगातून वगळला गेला. त्यावरून त्याचे संतपणच गेले अशी समजूत काही घरांतून अजूनही आढळते, ती खरी नव्हे. हुतात्म्यांच्या नामावलीत 25 जुलै या दिवशी त्याचे नाव आजही आहे. प्रवाशांना खांद्यावर घेऊन नदी पार करून देणारा तो धिप्पाड पुरुष वाहनांचा कैवारी झाला, यात नवल नाही.

पैसे मोजून वाटाड्या कशाला, असे भाच्याचे मत. फोनमध्ये नकाशा आहे, रस्ता तर एकच आहे, असे तो म्हणे. त्यावर आमच्या पत्नीने त्याला तोबीतची आठवण करून दिली. म्हाताऱ्या तोबीताने मुलाबरोबर अनोळखी वाटाड्या धाडला तो रोजचा एक द्राख्मा ठरवूनच. तो राफाएल देवदूत आहे हे त्यास कुठे ठाऊक होते? "मामी, याचा दर द्राख्म्यापेक्षा पुष्कळ जास्त आहे," असे म्हणून भाचा गप्प बसला.

वाटाड्याचे नियम थोडेच होते, पण त्यांत सूट नव्हती. दगडांची वाट लागली की चाकांतली हवा काही पौंड कमी करावयाची, म्हणजे टायर दगडाला धरून चालतो. ओढ्यात शिरल्यावर गिअर बदलावयाचा नाही, क्लचवर पाय ठेवावयाचा नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येकाने आपल्या मागच्या गाडीवर नजर ठेवावयाची. ती आरशात दिसेनाशी झाली की तेथेच थांबावयाचे. मग पुढचाही थांबतो, त्याच्या पुढचाही थांबतो, आणि सर्वांत सावकाश चालणारा कधी एकटा पडत नाही. पहिल्या दिवशी या नियमाने आमचा जीव मेटाकुटीस आला, कारण शेवटच्या गाडीतील गृहस्थ दर वळणावर छायाचित्रे घेत. त्यांना कोणी बोलले नाही. आम्हीही नाही, पण मोठ्या कष्टाने.

शिमल्याहून किन्नौरमार्गे काझा गाठेपर्यंत सारे सुरळीत झाले. काझाहून पहाटे निघून दुपारपूर्वी ओढे ओलांडावयाचे, असा बेत होता. पण एका गाडीचे चाक लोसरच्या अलीकडे फाटले, ते बदलण्यात वेळ गेला, आणि साडेचार हजार मीटरांहून उंच असलेल्या कुंझुम खिंडीवर पोहोचलो तेव्हा ऊन चांगलेच चढले होते. माथ्यावरच्या कुंझुम देवीच्या मंदिराला तेथील चालक गाडीसह प्रदक्षिणा घालतात. आमच्या वाटाड्याने घातली. आम्ही गाडीत बसून 'नमो मरिया' म्हटले. खिंड उतरून बातल लागते. तेथून ग्रांफूपर्यंत सुमारे 50 किलोमीटर, चंद्रा नदीच्या काठाने. आम्ही गेलो तेव्हा त्यास रस्ता म्हणणे धाडसाचेच होते.

ओढ्याशी पोहोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. पाणी राखेच्या रंगाचे, तळ दिसत नव्हता. आत दगड गडगडत असल्याचा आवाज मात्र येत होता. वाटाड्याने पाण्याच्या कडेला तीन दगड रचले व तो स्वस्थ उभा राहिला. दहा मिनिटांत खालचा दगड बुडाला. "परत बातल," तो म्हणाला.

भाच्याचा चेहरा उतरला. परवा सकाळी त्यास हजर व्हावयाचे होते, आणि त्या खोऱ्यात फोन लागत नाही. आपली गाडी लहान, हलकी, चारही चाकांची, ती सहज निघेल, असे त्याने परोपरीने सांगून पाहिले. वाटाड्याचे उत्तर आम्हांस नवे होते. हलकेपणा वाळूत आणि चिखलात कामाला येतो. वाहत्या पाण्यात तोच घात करतो. पाणी दाराशी आले की हलकी गाडी तरंगू पाहते, चाकांची पकड सुटते, आणि मग प्रवाह नेईल तिकडे जावे लागते.

हे बोलणे चालले असतानाच मागून एक मोठी गाडी आली. आमच्या तांड्यातली नव्हे. वाटाड्याने हात केला, तिने कर्णा वाजवला आणि ती पाण्यात शिरली. मध्यावर जाऊन बंद पडली. चालक पुन्हा पुन्हा किल्ली फिरवू लागला तेव्हा वाटाड्या ओरडला, कारण इंजिनात पाणी गेले असता ते दाबले जात नाही; आतले दांडेच वाकतात. मग त्याने कमरेला दोर बांधला, दुसरे टोक आमच्यातील सर्वांत जड गाडीच्या आकड्याला दिले आणि त्या बर्फाच्या पाण्यात तो उतरला. दोर धरावयास भाचा कोणी न सांगता पुढे झाला व गुडघाभर पाण्यात उभा राहिला. पहिल्याने एक आजीबाई आल्या, वाटाड्याच्या पाठीवर, डोळे घट्ट मिटलेल्या. नंतर तिघे जण दोर धरून आले. शेवटी पट्टा लावून गाडी उलटी ओढून काढली. वाटाड्याचे ओठ निळे पडले होते. कांबळे अंगावर घेण्याआधी त्याने आमच्या पाच गाड्या मोजल्या.

बातलला एक वृद्ध दाम्पत्य ढाबा चालवते. बर्फात अडकलेल्या प्रवाशांना आसरा देण्याबद्दल त्यांची ख्याती आहे. त्या रात्री डाळभात खाऊन आम्ही सारे दाटीवाटीने बसलो. आमच्या पत्नीने जपमाळ काढली. शेजारी त्या आजीबाई होत्या. त्यांच्याही हातात माळ होती. दोघींनी एकमेकींच्या मण्यांकडे पाहिले आणि आपापले चालू ठेवले. भाचा त्या रात्री काहीच बोलला नाही. वाटाड्याचे ओले मोजे मात्र त्याने चुलीजवळ टांगले व दोनदा उलटे केले.

पहाटे पाचला निघालो. कालचे तिन्ही दगड कोरडे होते आणि पाणी त्यांच्यापासून चार हात दूर. वाटाड्या काठी घेऊन आधी चालत पलीकडे गेला, चालत परत आला. जेथे पाणी पसरट होते ती वाट त्याने ठरवली. अरुंद जागी ओढा खोल असतो, हे त्याने पुन्हा एकदा सांगितले. आमच्या गाडीची पाळी आली तेव्हा भाच्याने आपण होऊन चाक आमच्या हाती दिले. "मामा, तुम्हांला घाई नसते," एवढेच तो म्हणाला. आखूड दांडा शेवटच्या खुणेवर, पहिला गिअर, पाय क्लचपासून दूर. वाटाड्या पोटरीभर पाण्यात मागे मागे सरकत हाताने खुणा करीत होता आणि आम्ही फक्त त्याच्या हाताकडे पाहत होतो. एक दगड चाकाखाली फिरला. गाडी कलली व सावरली. मग बंपर काठाला वर उठला, आणि पत्नीने धरून ठेवलेला श्वास सोडला तो आम्हांस ऐकू आला. पलीकडे आम्ही थांबलो, मागची गाडी आरशात येईपर्यंत. छायाचित्रवाले गृहस्थ त्या दिवशी चटकन आले.

बातलच्या मुक्कामाचे वेगळे पैसे देऊ केले, ते वाटाड्याने घेतले नाहीत. भाच्याच्या बोचक्यातील लष्करी लोकरी मोजे मात्र आनंदाने घेतले. पुढे कोक्सरपाशी फोन लागू लागला तेव्हा भाच्याने गाडीतून उतरून आपल्या वरिष्ठांस फोन केला. बराच वेळ तो ताठ उभा राहून नुसते "येस सर" म्हणत होता. काय ठरले ते त्याने अजून आम्हांला सांगितलेले नाही.