नोकरीचा मोसम

शेजारचा मुलगा परवा विचारत होता, "काका, जॉब शोधायला बेस्ट सीझन कुठला?" हापूस कधी घ्यावा, हे विचारावं त्या सुरात! मी म्हणालो, "जून." काकांनी पंचांग पाहिलं असावं, असं त्याला वाटलं.

पंचांग नव्हे हो, शाळेचं रजिस्टर! वडिलांच्या पिढीत पोरगं शाळेत आणलं, की गुरुजी त्याला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावत. कान हाती लागला की पोर सहा वर्षांचं ठरे आणि जन्मतारीख पडे एक जून. आजी सांगत होती म्हणे, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला, तांबडी गाय व्याली त्याच साली." पण रजिस्टरात गाईचा रकाना नव्हता.

याची फळं अठ्ठावन्न वर्षांनी दिसत. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याअखेर निवृत्त होतो, असा नियम. म्हणजे ३१ मेला निम्मी कचेरी हार घालून आणि नारळ घेऊन घरी! १९८४ साली त्यांत आमचे अण्णाही होते. खरी तारीख लागली असती, तर सप्टेंबरअखेरपर्यंत पगार चालू राहिला असता. गुरुजींनी एका टाकात चार पगार खाल्ले. पेन्शनचे कागद टेबलाटेबलांवर मुक्काम करत होते आणि घरात कमावतं कुणी नव्हतं. मी बी.कॉम. होतो, म्हणजे नव्हतोच.

नोकरी शोधायला मी वर्षभर हिंडत होतो. मार्चमध्ये "मार्चएंड आहे, नंतर या." एप्रिलमध्ये "बजेट यायचंय." मेमध्ये साहेब गावी. मामा म्हणाला, "खाजगीत दिवाळीनंतर बघ. बोनस खिशात पडल्याशिवाय माणूस खुर्ची सोडत नाही." मामाचं खरं होतं, पण दिवाळीपर्यंत वाण्याची उधारी थांबणार नव्हती.

मग एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमधून कॉल आला. १९५९ च्या कायद्यानं रिकाम्या जागा तिथं कळवणं बंधनकारक केलं होतं, आणि मेअखेरच्या खुर्च्या त्या वाटेनं आमच्यापर्यंत आल्या. जुलैत इंटरव्ह्यू झाला. ऑर्डर आली ती नेमकी पितृपक्षात! आजीनं कपाळाला हात लावला. "नवं काही सुरू करायचं नाही. घट बसू दे, मग जा." रुजू व्हायला दिलेली मुदत तर त्याआधीच संपत होती.

अण्णा चार महिने फारसं बोलत नव्हते. चहासुद्धा अर्धाच घेत. त्या दिवशी मात्र त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आई, पितृपक्षच आहे ना? मग पोरानं बापाचं ऐकावं. उद्या सकाळी जा रे तू. माझी छत्री घेऊन जा."

गेलो. हेडक्लार्कनं फॉर्म पुढ्यात ओढला. "जन्मतारीख?"

"एक जून एकसष्ट." (मला काकानं शाळेत घातलं होतं. काकाला तर गायसुद्धा आठवत नव्हती.)

त्यानं बोटं मोजली. "म्हणजे तुमची जागा ३१ मे २०१९ ला रिकामी होणार."

सरकारी खात्यात मला मिळालेलं हे पहिलं उत्तर, आणि ते तारखेला बरोबर निघालं.